थिओडोसियसचा तट आणि त्याचा कायदा एकत्र कसा वाचावा

इस्तंबूलला जाणार असाल आणि जुन्या शहराचा जमिनीकडचा तट बघायचं मनात असेल, तर बॅगेत सगळ्यात आधी एक कागद टाका. त्यावर पाचव्या शतकातला रोमन सम्राट थिओडोसियस याच्या कायदेसंहितेतला एकच कायदा छापलेला असावा: पुस्तक १५, प्रकरण १, कायदा ५१. काही ओळींचाच आहे. तो बुरुजाच्या पायथ्याशी उभं राहून वाचायचा. मी तसा वाचला आणि त्या दुपारपासून तटबंदीकडे बघायची माझी नजर बदलली.

मी साताऱ्यात दिवाणी वकिली करते. वहिवाट, वाटप, पडकी सामाईक भिंत कोणी दुरुस्त करायची, असल्या कज्ज्यांत पंचवीसहून जास्त वर्षं गेली. रविवारी सकाळी अजिंक्यतारा चढायचा हा नेम त्याहून जुना. गडावर आम्ही नेहमी विचारतो की हा तट कोणी बांधला, कोणी घेतला. पण बांधून झाल्यावर दरवर्षी पावसाने चुना सुटतो, चिरा हलतो, झाड रुजतं, तेव्हा तो राखायचा कोणी आणि कोणाच्या पैशाने? कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे जुन्या इस्तंबूलच्या, तटाबाबत या प्रश्नाचं उत्तर तारखेसकट लिहिलेलं आहे. म्हणून हा तट आणि ही संहिता वेगवेगळी बघू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आधी माणूस नक्की करा

थिओडोसियस नावाचे दोन मोठे सम्राट होऊन गेले आणि भल्याभल्यांच्या लिखाणात त्यांची सरमिसळ होते. आजोबा पहिला थिओडोसियस, मृत्यू ३९५. आपला तो नातू, दुसरा थिओडोसियस. जन्म ४०१, पुढच्याच वर्षी सहसम्राट म्हणून अभिषेक, आणि ४०८ मध्ये वडील अर्काडियस वारले तेव्हा सात वर्षांचं पोर पूर्वेकडच्या साम्राज्याचा एकटा धनी. ४५० मध्ये लायकस ओढ्याच्या परिसरात घोड्यावरून पडून तो गेला. म्हणजे बेचाळीस वर्षं राज्य, आणि त्यातली कितीतरी वर्षं कारभार दुसऱ्यांच्या हातात. लहानपणी तो अँथेमियसच्या (हा प्रीफेक्ट, म्हणजे सम्राटाखालचा मुख्य मुलकी अधिकारी), नंतर थोरली बहीण पुल्केरियाच्या, पुढे निरनिराळ्या दरबाऱ्यांच्या.

त्याच्याविषयी नंतरच्या इतिहासकारांनी एक गोष्ट सांगितली आहे. राजा समोर येईल त्या कागदावर न वाचता सही करायचा. बहिणीने एकदा त्याची राणी युडोकिया हिला दासी म्हणून देऊन टाकल्याचा दस्त त्याच्यापुढे सरकवला आणि त्याने त्यावरही सही केली. मग तिने त्याची कानउघाडणी केली. गोष्ट घडली असेल नसेल, पण आमच्या धंद्यातला कोणीही ती ऐकून क्षणभर गप्प होतो. न वाचता दिलेल्या अंगठ्यांनी काय होतं, ते आम्ही रोज बघतो.

तेव्हा पहिला धडा: 'थिओडोसियसने तट बांधला' असं वाचलंत की मनात अँथेमियसचं नाव जोडा. तट ४१३ मध्ये पुरा झाला तेव्हा राजा बारा वर्षांचा होता.

कायद्याचा पत्ता आणि कायद्याची अंगं

संहिता हातात घेताना गोंधळून जाऊ नका. सोळा पुस्तकं, प्रत्येक पुस्तकात विषयवार प्रकरणं, प्रकरणात कायदे कालक्रमाने. १५.१.५१ हा आकडा म्हणजे गाव, गल्ली, घर. एकूण कायदे अडीच हजारांच्या वर, सम्राट कॉन्स्टँटाइनच्या काळापासूनचे. सगळं वाचायला जाऊ नका, मी तसा प्रयत्न केला आणि आठव्या पुस्तकात कारकुनांच्या श्रेणींमध्ये अडकून पडले. सातवं लष्कराचं, नववं गुन्ह्यांचं, चौदावं रोम आणि कॉन्स्टँटिनोपल शहरांचं, पंधरावं सार्वजनिक बांधकामांचं, सोळावं धर्माचं. या पाचांत भरपूर आहे. क्लाइड फार यांच्या देखरेखीखाली झालेला इंग्रजी अनुवाद १९५२ मध्ये निघाला, मोठ्या ग्रंथालयात मिळू शकेल. पहिली पाच पुस्तकं तुटक उरली आहेत, तिथे सलगता शोधू नका.

प्रत्येक कायद्याची तीन अंगं असतात. डोक्यावर सम्राटांची नावं आणि ज्याला हुकूम पाठवला तो अधिकारी. मध्ये मजकूर. पायाशी तारीख, ठिकाण आणि त्या वर्षीचे कॉन्सल, म्हणजे ज्यांच्या नावाने साल ओळखलं जाई ते मानाचे अधिकारी. आपण निकालपत्र वाचताना आधी शेवटचा आदेश बघतो, तसं इथे आधी पाय बघायचा. कारण डोकं फसवतं. ५१ व्या कायद्याच्या डोक्यावर होनोरियस आणि थिओडोसियस अशी दोन नावं आहेत. होनोरियस म्हणजे काका, तो पश्चिमेचा सम्राट, रावेन्नात बसलेला. कॉन्स्टँटिनोपलच्या तटाशी त्याचा काय संबंध? काही नाही. दोन्ही दरबारांचे कायदे एकत्र नावाने निघत. कोणत्या दरबाराचा ते तळाचं ठिकाण सांगतं. इथे लिहिलं आहे कॉन्स्टँटिनोपल.

मजकूरही मूळ जसाच्या तसा आहे असं समजू नका. ४२९ च्या २६ मार्चला नऊ जणांची समिती नेमली गेली. काम मार्गी लागेना म्हणून ४३५ च्या डिसेंबरात सोळा जणांची दुसरी नेमली आणि तिला जास्तीचं गाळून टाकण्याचे, शब्द बदलण्याचेही अधिकार दिले. मूळ हुकमांमध्ये लांबलचक प्रस्तावना असत, त्या बहुतेक उडवल्या. परिणाम असा की कायदा का केला हे पुष्कळदा कळत नाही, फक्त काय केला ते कळतं. 'का' आपल्याला बाहेर शोधावं लागतं. बांधकामाच्या कायद्याचं 'का' सुदैवाने अजून उभं आहे.

आणखी एक सवय लावा: एकटा कायदा वाचू नका, त्याच प्रकरणातले शेजारी वाचा. पंधराव्याच्या पहिल्या प्रकरणात तुम्हाला पुन्हा पुन्हा एकच तंबी दिसेल. जुनी पडकी कामं दुरुस्त केल्याशिवाय, अर्धवट कामं पुरी केल्याशिवाय अधिकाऱ्यांनी नवी कामं काढू नयेत. एकच हुकूम वेगवेगळ्या सम्राटांनी इतक्यांदा काढला, म्हणजे तो पाळला जात नव्हता, हे कोर्टात वावरणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

सोळावं पुस्तक वगळू नका. तिथे देवळं पाडून जागी क्रूस उभारण्याचा ४३५ चा हुकूम आहे, यहुद्यांवरचे निर्बंध आहेत, ज्यांची श्रद्धा सरकारमान्य नव्हती त्यांच्यावरच्या शिक्षा आहेत. ज्या दरबाराने ४२५ मध्ये राजधानीत लॅटिन आणि ग्रीक मिळून एकतीस शिक्षकांची सरकारी शाळा घातली, त्यातले दोन कायद्याचे आणि एक तत्त्वज्ञानाचा, त्याच दरबाराचे हे हुकूम. मला ते वाचताना त्रास झाला. पण संहितेची स्तुती करायची तर तीही पानं उलटलेली असावीत.

आता तो कायदा

४ एप्रिल ४१३, अँथेमियसला उद्देशून. माझ्या मराठीत त्याचा मतलब असा: या देखण्या नगरीच्या रक्षणासाठी उभारलेल्या नव्या तटाचे बुरूज, काम पुरं झाल्यावर, ज्यांच्या जमिनींतून तट गेला त्यांच्या वापराला द्यावेत. अट मात्र कायमची. त्यांनी, आणि पुढे त्या जमिनी ज्यांच्याकडे जातील त्यांनी, दरवर्षी स्वखर्चाने बुरुजांची डागडुजी करावी. सार्वजनिक वास्तू वापरायला मिळाली, तेव्हा दुरुस्तीची काळजीही आपलीच, याबद्दल त्यांनी शंका ठेवू नये. अशाने कामाची शोभा, शहराचं रक्षण आणि खासगी लोकांचा उपयोग, तिन्ही साधेल.

'ज्यांच्याकडे जातील त्यांनी' हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना डोळ्यांपुढे आला. मालक बदलेल, पोरंबाळं वाटण्या करतील, कोणी विकून जाईल, पण बोजा जमिनीला चिकटलेला राहील. तट नव्या जागी, कॉन्स्टँटाइनच्या जुन्या तटापासून सुमारे दीड किलोमीटर पश्चिमेला, लोकांच्या शेतामळ्यांतून गेला होता. जमीनमालकाला बुरूज वापरायला द्यायचा आणि त्या बदल्यात दुरुस्ती त्याच्या गळ्यात घालायची, हा व्यवहार मला फार शहाणपणाचा वाटतो. तिजोरीतून दरवर्षी पैसा काढावा लागत नाही आणि बुरुजाला रोज बघणारं माणूस मिळतं. खोलीत स्वतःचं धान्य ठेवणारा माणूस छत गळतं का ते बघणारच.

याच्या जोडीला सातव्या पुस्तकातला, आठव्या प्रकरणातला तेरावा कायदा छापून घ्या. साल ४२२. मोहिमेवर निघालेल्या किंवा परतणाऱ्या सैनिकांना नव्या तटाच्या बुरुजांचे तळमजले मिळावेत असा हुकूम आहे. लगेच पुढे जमीनमालकांची समजूत काढली आहे: आधीचा हुकूम मोडला असं समजून वाईट वाटून घेऊ नका, खासगी घरांचासुद्धा तिसरा हिस्सा सैनिकांच्या मुक्कामाला द्यावाच लागतो. ही समजूत वाचताना मला नऊ वर्षांतल्या तक्रारअर्जांचा गठ्ठा दिसतो. कोणीतरी नक्कीच बुरुजात कडबा भरून कुलूप घातलं होतं.

तट कसा चालायचा

दक्षिणेकडून उत्तरेकडे चला. मार्मारा समुद्राकडून सुरुवात करून एदिर्नेकापीपर्यंत, आणि जमलं तर पुढे तेकफूर राजवाड्यापर्यंत. थिओडोसियसचा तट साधारण ५.७ किलोमीटर आहे. बघत बघत गेलात तर पाच तास धरा. तटाचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपारनंतर ऊन बाहेरच्या अंगावर येतं आणि विटांचे पट्टे उजळतात. सकाळी गेलात तर ते सावलीत मरून जातात. मधले काही टप्पे ओस आहेत, एकट्याने जाऊ नका आणि अंधार पडायच्या आत आटपा. कठडा नसलेल्या पायऱ्यांनी फांजीवर चढण्याचा मोह टाळा, आपल्या गडांवरची सवय इथे उपयोगी पडत नाही.

मार्माराय रेल्वेच्या काझ्लीचेश्मे स्टेशनला उतरलात की येदिकुले चालत गाठता येतं. एक खबरदारी घ्या. टोपकापी नावाची दोन ठिकाणं आहेत, राजवाडा समुद्राकडच्या टोकाला आणि तटाचा दरवाजा शहराच्या पश्चिम कडेला. पहिल्या खेपेला मी नुसतं 'टोपकापी' म्हटलं आणि राजवाड्याच्या रांगेत पोचले. अर्धा दिवस गेला.

येदिकुलेत सोन्याचा दरवाजा आहे, संगमरवरी बुरुजांचा, कधीचा चिणून टाकलेला. त्यामागचा किल्ला मात्र तुर्की सुलतान मेहमद दुसरा याने १४५३ नंतर केला, तो थिओडोसियसच्या खात्यात मांडू नका.

इथून पुढे दरवाज्यांमागून दरवाजे मोजत बसण्यापेक्षा, बेलग्रादकापीच्या आसपास एक चांगली जागा निवडा आणि तट आडवा वाचा, बाहेरून आत. आधी खंदक, सुमारे वीस मीटर रुंद. आता बराचसा भरलेला, आणि त्यात भाजीचे मळे. तिथले लोक त्यांना बोस्तान म्हणतात. येदिकुलेचं सॅलडचं पान शहरात प्रसिद्ध आहे. खंदकानंतर मोकळी पट्टी. मग परकोट, आठ-नऊ मीटर उंचीचा. त्यामागे पुन्हा पंधरा-वीस मीटरची मोकळी जागा. मग मुख्य तट, बारा मीटरच्या आसपास उंच, पाच-सहा मीटर जाड, आणि त्याचे शहाण्णव बुरूज, सरासरी पंचावन्न मीटरवर एक. शत्रूने खंदक ओलांडला तरी उघड्यावर, परकोट घेतला तरी पुन्हा उघड्यावर आणि डोक्यावर मुख्य बुरूज. म्हणूनच ६२६ मध्ये अवार आणि ७१७-१८ मध्ये अरब या बाजूने आत येऊ शकले नाहीत. १२०४ मध्ये धर्मयोद्ध्यांनी शहर घेतलं ते समुद्राकडच्या तटावरून.

आता पडलेल्या एखाद्या बुरुजाजवळ जा, जिथे भिंत कापल्यासारखी आतून दिसते. याहून चांगला गुरू नाही. बाहेरून घडीव चुनखडीचे चिरे, आत चुन्यात बसवलेला दगडगोटा. आणि दर थोड्या उंचीवर विटांचे थर, पाच-पाचचे, सुमारे चाळीस सेंटीमीटरचे. वरवर ती नक्षी वाटते. पण तुटलेल्या तोंडाशी वाकून बघितलंत तर विटा आरपार गेलेल्या दिसतात. पाठपोट बांधणारा पट्टाच तो. आतल्या गोट्याला आणि दोन्ही अंगच्या चिऱ्यांना जागोजाग एकत्र धरतो. सांध्यातला चुना नखाने खरवडू नका, नुसता बघा: गुलाबीसर आहे, कारण त्यात विटांचा चुरा आहे. आपली सुरखी. तिकडे त्याला होरासान म्हणतात. चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना ज्याने गडावर हाताळला आहे, त्याला तो रंग लांबूनही ओळखू येईल.

काही ठिकाणी तट अगदी कोरा, नवा दिसेल. विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत केलेल्या डागडुजीतला भाग तो. १९९९ च्या भूकंपात अशा दुरुस्त केलेल्या भागांची पडझड झाली आणि आतलं जुनं काम टिकून राहिलं. तुमच्या खिशातला कायदा दुरुस्तीचाच आहे, तेव्हा इथे थोडा वेळ थांबा.

पुढे मेवलानाकापी. इथे दरवाजावरचे शिलालेख शोधल्याशिवाय हलू नका. ४४७ मध्ये भूकंपाने सत्तावन्न बुरूज पाडले आणि हूणांचा राजा अट्टिला फौज घेऊन बाल्कनमध्ये होता. प्रीफेक्ट कॉन्स्टंटिनस याने रथशर्यतीच्या मैदानावरच्या निळ्या आणि हिरव्या पाठीराख्या गटांच्या माणसांना कामाला जुंपलं आणि तट पुन्हा उभा केला. ग्रीक लेख सांगतो साठ दिवसांत. लॅटिन लेख म्हणतो की थिओडोसियसच्या हुकमावरून दोन महिनेही पुरे व्हायच्या आत कॉन्स्टंटिनसने हा भक्कम तट उभारला, आणि इतक्या झपाट्याने इतका पक्का गड खुद्द पॅलास (अथीना) देवीलाही क्वचितच बांधता आला असता. अट्टिला शहरावर आला नाही. वर्षाची खंडणी मात्र २१०० पौंड सोनं ठरली, त्यामुळे तटाने सगळं वाचवलं असंही म्हणू नका. आणि जमीनमालकांनी दरवर्षी करायची डागडुजी अशा वेळी कुठे पुरणार, सगळ्या शहराला हात लावावा लागला.

टोपकापीनंतर रस्ता उतरतो. ही लायकसची घळ. ओढा आता मोठ्या रस्त्याखाली गेला आहे. तट इथे सखल जमिनीवर येतो आणि समोरचं माळरान उंच राहतं. एवढा एक दोष, आणि १४५३ च्या वसंतात मेहमदच्या मोठ्या तोफा नेमक्या इथेच लागल्या. २९ मे रोजी शहर पडलं. हजार वर्षांनी. चढ चढून एदिर्नेकापीला या, जुन्या शहराची सगळ्यात उंच जागा.

आता कागद परत काढा

माझ्याबरोबर भाची होती, कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला. एदिर्नेकापीच्या अलीकडच्या एका बुरुजाच्या सावलीत बसून आम्ही ५१ वा कायदा मोठ्याने वाचला, आधी लॅटिन अडखळत, मग मराठीत. बुरुजाचा शहराकडचा तळमजल्याचा दरवाजा समोरच होता, अर्धा मातीत गाडलेला. त्या बारा वर्षांच्या पोराच्या नावाने ज्यांना किल्ली मिळाली, ते याच दारातून वाकून आत जात असणार.

तिने पायाची ओळ वाचली आणि थांबली. "मावशी, कॉन्सल दोन असतात ना? इथे एकच नाव आहे, लुसियस."

हे तुम्हीही बघा, कारण हा या कागदावरचा सगळ्यात बारीक तपशील आहे. ४१३ चा दुसरा कॉन्सल हेराक्लियानस, आफ्रिकेचा सेनाधिकारी. त्याच वर्षी त्याने बंड केलं, इटलीत हरला, मारला गेला, आणि त्याचं नाव सगळीकडून पुसून टाकण्याचा हुकूम निघाला. तो हुकूमही याच पंधराव्या पुस्तकात, चौदाव्या प्रकरणात आहे. एप्रिलमध्ये बुरुजांचा कायदा काढला तेव्हा दोन नावं असतील किंवा नसतील, पण संहिता १५ फेब्रुवारी ४३८ ला जाहीर झाली तेव्हा तिथे एकच उरलं होतं. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला रोमच्या सिनेटमध्ये संहिता वाचून दाखवली, तेव्हा सभासदांनी पुन्हा पुन्हा घोषणा दिल्या की कायद्यांत कोणी घुसडघुसड करू नये म्हणून भरपूर प्रती काढा, आणि त्यांत शब्दांचे संक्षेप नकोत, सगळं पूर्ण लिहा.

भाचीने लुसियसच्या शेजारी पेन्सिलीने हेराक्लियानस लिहिलं, मग त्याभोवती कंस केला. तो कागद माझ्या सातबाऱ्यांच्या फाइलमध्ये लावलेला आहे.